शेवटच्या दिवसांत माणसाच्या मनाला आधार कसा द्यावा

माणूस आता फार दिवसांचा सोबती नाही हे कळलं की घरात धावपळ सुरू होते. कोणी पोथी काढतं, कोणी मोबाईलवर विष्णुसहस्रनाम लावून उशाशी ठेवतं, कोणी महाराजांना बोलवायला माणूस पाठवतं. हे सगळं मायेपोटीच होतं. पण ज्याच्यासाठी चाललंय त्याला कोणी विचारलेलं नसतं. आध्यात्मिक आधाराची सुरुवात या विचारण्यातून होते. त्याला कशाची भीती वाटते, कोणाला भेटायचंय, काय राहून गेलंय, कशाने शांत वाटतं, हे त्याच्याकडून समजून घ्यायचं आणि जमेल तेवढं करायचं. तो देव मानणारा असो की नसो.

आजारी माणसाचे घरचे, नर्स, आशाताई आणि घरी जाऊन पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करून आधार देण्याचं काम करणारे स्वयंसेवक यांना उपयोगी पडेल अशा क्रमाने लिहिते आहे. घरोघरी जाऊन हेच काम करत असल्यामुळे काही ठिकाणी माझी मतं ठाम आहेत.

आधी दुखणं आटोक्यात आणा

गाठीने मणका पोखरलेला माणूस कण्हत पडलेला असताना त्याच्याशी ईश्वरेच्छेच्या गोष्टी करू नयेत. त्याला धाप लागलीय का, मळमळतंय का, लघवी तुंबलीय का, चार दिवस पोट साफ झालेलं नाही का, हे आधी पाहा. तोंड आलं असेल तर त्याला नामस्मरणसुद्धा करता येत नाही.

मॉर्फिन या तीव्र दुखण्यावरच्या औषधाबद्दल घरच्यांशी स्पष्ट बोला. ‘ते सुरू केलं म्हणजे संपलं’ ही भीती फार खोल आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखण्याच्या प्रमाणात दिलेल्या मॉर्फिनने माणूस लवकर जात नाही. त्याने बद्धकोष्ठ मात्र होतं, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध लागतंच. २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. तरी ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यता असलेल्या रुग्णालयातूनच घ्यावं लागतं. मुंबईत परळचं टाटा रुग्णालय, वांद्र्याचं १९८६ साली सुरू झालेलं शांती आवेदना सदन, पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर अशा ठिकाणी हेच काम चालतं. काही जिल्हा रुग्णालयांतही पॅलिएटिव्ह केअरचा कक्ष आहे. तिथे चौकशी करा.

याची दुसरी बाजूही आहे. गोळ्या वाढवूनही दुखणं कमी होत नाही, दिवसा बरं असतं आणि रात्री दिवे मालवले की वाढतं, असं झालं तर डोसबद्दल डॉक्टरांना सांगाच, पण माणसाजवळ बसूनही पाहा. लंडनला १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचं सेवाघर, सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी हे नेमकं ओळखलं होतं. वेदना शरीराची असते तशीच मनाची, नात्यागोत्याची आणि श्रद्धेचीही असते, आणि या चारही एकमेकींत मिसळलेल्या असतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

खोलीत जाताना

आत जाण्याआधी विचारा. आजारी माणसाच्या खोलीत सगळेच न विचारता शिरतात, त्याला ‘आत्ता नको’ म्हणायची सोयच उरत नाही. ती त्याला परत द्या. टीव्ही बंद करायला सांगा, मोबाईल पिशवीत ठेवा. खुर्ची किंवा स्टूल ओढून अशा उंचीवर बसा की त्याला मान वर करावी लागणार नाही. उभ्याने बोललात तर दोन वाक्यांच्या पुढे तो काही सांगणार नाही. किती वेळ बसणार आहात तेही सांगा: “अर्धा तास आहे मी, घाई नाही.”

स्वतःचा देव दाराबाहेर ठेवा, हे मी नव्या स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी सांगते. तुमची श्रद्धा कितीही सच्ची असली तरी अंथरुणाला खिळलेल्या माणसावर ती लादणं अन्याय आहे. त्याला उठून जाताही येत नाही.

काय विचारायचं, कसं विचारायचं

अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी रुग्णाशी श्रद्धेबद्दल बोलण्यासाठी चार टप्प्यांची पद्धत मांडली: श्रद्धा कशावर आहे, तिचं आयुष्यात काय स्थान आहे, आपली म्हणावीत अशी मंडळी कोण, आणि या बाबतीत आम्ही काय करावं. पद्धत चांगली आहे, पण फॉर्म भरल्यासारखी विचारली तर उत्तरंही तशीच मिळतात. आपल्याकडे हे असं विचारता येतं:

“आजी, एवढ्या अडचणी आल्या आयुष्यात, तेव्हा कशाच्या जोरावर निभावलंत?”

“रात्री झोप लागत नाही तेव्हा मनात काय येतं?”

“आत्ता कोण जवळ असावंसं वाटतं?”

“तुमच्या रोजच्या नेमाचं काही राहून जातंय का?”

शेवटच्या प्रश्नाने फार दारं उघडतात. कोणाची सकाळची पूजा राहिलेली असते, कोणाची एकादशी, कोणाचं रविवारचं चर्च, कोणाचं संध्याकाळी ओट्यावर बसणं. एका आजोबांनी मला सांगितलं की पहाटे उठून गाईला चारा टाकल्याशिवाय त्यांनी कधी चहा घेतला नव्हता. खाट मागच्या पडवीत हलवली, तिथून गोठा दिसायचा. मुलगा चारा टाकायचा आणि हे पडल्या पडल्या त्याला ‘पेंढी सोडून टाक रे’ म्हणून सांगायचे. मग चहा मागायचे. त्या घरात याहून मोठी पूजा नव्हती.

विचारून झालं की गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो. समोरचा रडू लागला तर लगेच पाणी, रुमाल, ‘रडू नका’ असं करू नका. हातावर हात ठेवायची परवानगी असेल तर ठेवा आणि थांबा.

ही वाक्यं तुमच्या कानावर येतील

“मी कुणाचं वाईट केलं नाही, मग मलाच का?” हा प्रश्न दिसतो, पण उत्तर हवं असतंच असं नाही. कर्माचा सिद्धांत समजावू नका, ‘देव आवडत्या माणसांची परीक्षा घेतो’ तर मुळीच म्हणू नका. “हा प्रश्न मनात घेऊन रात्र काढणं फार अवघड असणार,” एवढं पुरतं. पुढचं ते स्वतः बोलतात.

“मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगून संपवायचे.” काहींना यातून खरोखर बळ मिळतं, त्यांच्याशी वाद घालू नका. काही जण मात्र याच समजुतीने गोळी नाकारतात. दुखणं सोसलं तर हिशेब लवकर मिटेल असं त्यांना वाटतं. त्यांना विचारा, “औषध मिळणं हेही तुमच्याच पुण्याईचं फळ असेल तर?” मी हे विचारलंय आणि गोळी घेतली गेलीय. तरीही कोणी नको म्हणालं तर त्याचा मान ठेवा.

“देवा, ने रे आता.” हे ऐकून घरचे घाबरतात आणि ‘असं अभद्र बोलू नका’ म्हणून गप्प करतात. बहुतेक वेळा यात थकवा असतो, तयारी असते. पण ते विचारून खात्री करा: “कंटाळलात, की स्वतःला काही करून घ्यावं असंही मनात येतं?” असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येत नाही. उत्तर हो आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि गोळ्या, कीटकनाशकं हाताशी राहणार नाहीत असं पाहा.

“मी सगळ्यांना भार झालोय.” यावर ‘छे छे, कसला भार’ म्हणून विषय मिटवू नका. त्याला देता येईल असं काहीतरी मागा. नातवाला आडनावामागची गोष्ट सांगायला सांगा, पंचमीच्या दिंडांची कृती विचारून घ्या, जमिनीच्या बांधाचा वाद कसा मिटला ते रेकॉर्ड करून घ्या. माणसाला शेवटपर्यंत कोणाच्या तरी उपयोगी पडायचं असतं.

‘त्यांना काही सांगू नका हं’

दारातच चप्पल काढता काढता हे वाक्य येतं. त्यावर चिडू नका, ते भीतीने आलेलं असतं. “सांगितलं तर काय होईल असं वाटतं?” हे विचारा. ‘हाय खातील’, ‘जेवण सोडतील’ अशी उत्तरं येतात. ती पूर्ण ऐकून घ्या. मग म्हणा, “मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही. चालेल?” बहुतेक घरं याला तयार होतात.

आजारी माणसाला विचारायचं ते असं: “तुम्हाला काय वाटतं, तब्येतीचं कसं चाललंय?” पुष्कळदा त्याला सगळं कळलेलं असतं. घरच्यांना त्रास नको म्हणून तो गप्प, आणि त्याला त्रास नको म्हणून घरचे गप्प. एकाच खोलीत दोन्हीकडचे लोक एकटे पडतात. ही कोंडी फुटेपर्यंत बाकीच्या आधाराला फारसा अर्थ येत नाही, म्हणून माझा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. काही जणांना मात्र खरोखरच जाणून घ्यायचं नसतं. ‘मुलाला विचारा, मला नको’ असं ते म्हणाले की तो त्यांचा हक्क आहे.

दहाव्याला जे बोलता ते आधी बोला

नदीकाठी पिंड ठेवलेला असतो, कावळा शिवत नाही. मग एकेक जण हात जोडून पुढे येतो. ‘धाकटीचं लग्न आम्ही करू’, ‘आईला अंतर देणार नाही’, ‘माझं चुकलं असेल तर माफ करा’. ज्या वाक्यांसाठी तो माणूस महिनाभर वाट पाहत पडून होता, ती त्याच्या दहाव्या दिवशी मोठ्याने बोलली जातात. माझी कळकळीची विनंती आहे की ही वाक्यं त्याच्या कानांत ऐकण्याची ताकद आहे तोवर बोला. घरच्यांना मी याच शब्दांत सांगते आणि ते लगेच समजतात.

त्यासाठी एक दिवस ठरवा, माणूस जरा ताजातवाना असतो ती वेळ निवडा. एकेकट्याने जाऊ द्या, गर्दीत हे बोलणं होत नाही. काय बोलावं सुचत नसेल तर चारच गोष्टी पुरे: माझं चुकलं ते माफ कर, तुझ्याबद्दल माझ्या मनात राग नाही, तू माझ्यासाठी हे केलंस ते विसरणार नाही, आणि मागचं आम्ही सांभाळू. ‘मागचं’ म्हणजे काय ते नेमकं सांगा. “सोसायटीचं कर्ज मी फेडतोय, दोन हप्ते राहिलेत,” याने जेवढी शांती मिळते तेवढी ‘काळजी करू नका’ने मिळत नाही.

वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या भावाला बोलावण्याआधी आजारी माणसाला विचारा. समेट त्याच्यावर लादू नका. भेट नको असेल आणि फोनवर दोन शब्द चालणार असतील तर तसं. राग सोडायचाच नसेल तर तसाच राहू द्या, तेही त्याचंच आयुष्य आहे. राहिलेला नवस, कुलदैवताची ओटी असं काही असेल तर घरातल्या कोणीतरी जाऊन यावं आणि तिथला फोटो, अंगारा दाखवावा. शेवटी व्हेंटिलेटर नको, आयसीयू नको असं ज्याला वाटतं त्याने ते लिहून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घेता येतं.

नवरा आजारी असेल तर आणखी एक बोलणं व्हायलाच हवं. त्याच्यामागे बायकोच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र काढायचं, हे ती मनातल्या मनात रोज पाहत असते आणि कोणाशी बोलू शकत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. नवऱ्याने स्वतः, चार जणांसमोर, “माझ्यामागे हिच्या अंगावरचं काही उतरवायचं नाही,” एवढं म्हटलं तर पुढे सासर-माहेरचं कोणी सहसा मोडता घालत नाही. त्याच्या हयातीत तिला मिळणारा हा सर्वांत मोठा आधार असतो. पण दोघांना वेगवेगळं विचारूनच हा विषय काढा.

ज्याची त्याची श्रद्धा

आडनावावरून काही गृहीत धरू नका. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ हॉस्पिटलात काढायला लावली असेल तर ती मनगटाला बांधता येते का ते नर्सला विचारा. हरिपाठ म्हणायला गावातली भजनी मंडळी आनंदाने येतात, पण पखवाज-टाळ त्या खोलीत सोसतील का ते आजाऱ्याला विचारूनच ठरवा. बौद्ध घरात गंगाजळ-तुळशीचा विषय काढू नका. तिथे त्रिशरण, पंचशील आणि बुद्धवंदना म्हटली जाते आणि बाबासाहेबांचा फोटो दिसेल असा ठेवला तर बरं वाटतं. मुस्लिम कुटुंबाला शेवटच्या वेळी चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला हवा असतो, आपल्याकडून तो पश्चिमेला येतो. कॉट फिरवायला मदत करा. जवळचे कलमा ऐकवतात, सूरह यासीन वाचतात. कॅथलिक माणसासाठी फादरना उशिरा बोलावू नका. पवित्र तेलाचा अभ्यंग शुद्ध हरपल्यावरही देता येतो, पण पापनिवेदन आणि कम्युनियन (पवित्र भाकरीचं सेवन) शुद्धीवर असतानाच शक्य असतं. जैन कुटुंबात नवकार मंत्र चालू असतो, काही ठिकाणी संथाऱ्याची, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याच्या व्रताची इच्छाही पुढे येते. त्याला कोणाचा दबाव आहे का, माणूस पूर्ण समजून बोलतोय का, हे पाहणं आपलं काम. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्यावर बंदी घातली होती, सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात तिला स्थगिती दिली.

नास्तिक माणसाला शेवटी देव आठवेलच, अशा आशेने त्याच्याभोवती फिरू नका. त्याच्याशी त्याच्या कामाबद्दल, चळवळीबद्दल, शिकवलेल्या मुलांबद्दल बोला. अंत्यविधी कसा हवा, देहदान करायचंय का, हे लिहून घ्या. नाहीतर मागे नातेवाईक आपलंच करतात.

बुवा-बाबांचं काय? कपाळाला अंगारा लावून समाधान मिळत असेल तर लावू द्या. पण जो औषध बंद करायला सांगतो, हजारो रुपये मागतो किंवा मारहाण-चटके असं काही करतो, त्याला घरात येऊ देऊ नका. असल्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

घरी ऑक्सिजन लावलेला असेल तर त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, धूप काहीही पेटवायचं नाही. आग लागू शकते. समई देवघरात लावा आणि खोलीत बॅटरीवरचा दिवा ठेवा.

शेवटचे दोन-चार दिवस

खाणं-पिणं सुटतं, झोप वाढते, हातपाय गार पडतात, त्यांवर निळसर छटा येते. श्वास मध्येच थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, घशात घरघर लागते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी घाबरून रुग्णवाहिका बोलावली जाते आणि ज्याला घरीच राहायचं होतं तो आयसीयूत जातो. घरघरीचा आवाज ऐकणाऱ्याला भयंकर वाटतो, पण त्या वेळी माणूस बहुधा शुद्धीत नसतो. एका कुशीवर वळवल्याने आवाज कमी होतो.

‘उपाशी पाठवलं’ ही खंत आपल्याकडे जन्मभर पुरते. म्हणून स्पष्ट सांगा की तो जेवत नाही म्हणून जात नाहीये, जायची वेळ आलीय म्हणून शरीर अन्न नाकारतंय. तोंडात घास कोंबू नका. शेवटचं पाणीही जपून द्या. गिळता येत नसताना चमच्याने घातलेलं गंगाजळ श्वासनलिकेत जातं, ठसका लागतो, जीव गुदमरतो. स्वच्छ कापसाचा बोळा पाण्यात भिजवून, चांगला पिळून ओठांवरून आणि जिभेवरून फिरवा. तुळशीचं पान ओठांवर टेकवा, आत ठेवू नका. सगळ्यांना पाणी घालायचं असतं, तर प्रत्येकाने असाच बोळा फिरवावा. घरातल्या लेकीसुनांनाही बोलवा, त्यांना मागे ढकललं जातं.

“आई आलीय न्यायला” असं कोणी म्हणालं आणि चेहऱ्यावर भीती नसेल तर ‘कोणी नाही तिथे’ म्हणून खोडून काढू नका. “काय म्हणतेय आई?” असं विचारा. भीती, आरडाओरडा, कपडे ओढणं असेल तर मात्र डॉक्टरांना कळवा, त्यावर औषध असतं.

ऐकू येणं बऱ्याच उशिरापर्यंत टिकत असावं, म्हणून त्या खोलीत जमिनीचे, खर्चाचे विषय नकोत. ‘कशात तरी जीव अडकलाय’ असं म्हणत लोक कारण शोधू लागतात आणि एखादीवर ठपका येतो. तसं होऊ देऊ नका. काही शरीरांना वेळ लागतो, एवढंच सांगा. लहान मुलांना शेजारी पाठवून देऊ नका. त्यांना साध्या शब्दांत सांगा, यायचं असेल तर हात धरून आत न्या. ‘झोपलेत’ म्हणू नका, मूल झोपायलाच घाबरतं.

जीव गेल्यावर

घाई करू नका, पाच-दहा मिनिटं घरच्यांना तसंच बसू द्या. नेत्रदानाची इच्छा असेल तर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक यायला हवेत. त्यांना लगेच फोन करा, पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा. घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला लागतो, त्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. शरीराला कोणी हात लावायचा, अंघोळ कोणी घालायची, हे कुटुंबाला विचारा. त्या घरात जाऊन तुम्ही कितीही महिने सेवा केली असली तरी.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा तुमची गरज कमी असते. चौदाव्या दिवशी सगळे जातात. त्यानंतरच्या आठवड्यात जाऊन या, मग महिन्याने, मग पहिल्या सणाला. जिने रात्रंदिवस केलं तिच्याजवळ बसा. तिला अचानक काही कामच उरलेलं नसतं आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून ती स्वतःला दोष देत असते. त्या माणसाबद्दल नाव घेऊन बोला. सहा महिने, वर्ष उलटूनही कोणी जेवत-झोपत नसेल, घराबाहेर पडत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जीव द्यायची भाषा कोणी कधीही केली तर तितकी वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन १४४१६ वर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो नंबर घरच्यांच्या फोनमध्ये तुम्हीच सेव्ह करून द्या.